मच्छरदाणीतली कोंबडी

नल्लकुंटा, हैदराबाद
९ जून १९९८

चि. बबलू,

आशीर्वाद. पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे, कारण मराठी वाचताना तू अजून ओळीखाली बोट धरतोस हे मला माहीत आहे. पण पुरं वाच. फोनवर जसं “हां आई, ओके आई” करून मोकळा होतोस, तसं इथं चालायचं नाही. आणि फोनवर मी तरी काय बोलणार? फोन बैठकीत, आणि फोनशेजारच्या खुर्चीत तुझे अण्णा. तुझा फोन आला की त्यांचा पेपर तोंडासमोर जातो आणि मी ठेवेपर्यंत पान काही उलटत नाही.

काल मृग लागला. मृगाच्या दिवशी इथं सगळं शहर मासळीच्या मागे असतं, तू विसरला नसशील. मी अण्णांना म्हटलं, चांगली मरळ बघून आणा. सकाळी पिशवी घेऊन गेले, दुपार टळली तरी पत्ता नाही. मला वाटलं त्यांच्या कारखान्याकडे गेले असतील. अजून जातात अधूनमधून कुकटपल्लीची बस धरून. बंद फाटकासमोरच्या टपरीवर चहा पितात आणि परत येतात. काय पाहिलंत म्हणून विचारलं तर सांगतात, “काय नाय, गवत वाढलंय.”

आले ते पिशवीतून कोंबडी घेऊन. तिकडच्या बाजारातून आणली म्हणे. गावरान, तांबडी, मानेवर काळे ठिपके. डोकं पिशवीबाहेर काढून माझ्याकडे अशी बघत होती की हिला मीच पाहुणी वाटले असेन. मी म्हटलं ठीक, मासळी नाही तर कोंबडी. खोबरं भाजायला घेतलं. तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“हात लावायचा नाय तिला.”

“मग आणली कशाला? पाळायला?”

“हौ.”

एवढंच. मागच्या आंगणात पेरूच्या झाडाखाली तुझ्या जुन्या पुस्तकांचं लाकडी खोकं होतं ना, त्याला जाळी ठोकून घर तयार झालं. पुस्तकं माळ्यावर गेली. मी भाजलेलं खोबरं वांग्याच्या भाजीत घातलं आणि गप्प बसले. गप्प बसले म्हणजे काय, दिवसभर बोलत होते, पण उत्तर कोण देतंय?

खरं सांगू का, मला बरंही वाटलं. कारखाना सोडायच्या कागदावर सही केल्यापासून या माणसानं काही हातात धरलेलं नव्हतं. आधी युनियनच्या माणसांमुळे घरात पाय ठेवायला जागा नसायची. कारखान्यातही सगळे यांना अण्णा म्हणायचे आणि घरातही. आता कुणी किराणा टाकलाय, कुणी रिक्षा चालवतो, येत कुणी नाही. आता निदान सकाळी उठून बाजरी पाखडतात. मी तिला महाराणी म्हणते. हे म्हणतात, “नवीन भरती आहे, नीट वागव.”

तू त्या रविवारी जे बोललास त्याबद्दल मी काही लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण लिहिते. व्हीआरएसच्या कागदावर सह्या करायच्या का नाहीत म्हणून बैठकीत माणसं बसली होती, आणि तू मधेच म्हणालास, “करा सही. तुमची यंत्रं म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीची झालीत, आणि तुम्हीपण.” पुढं सगळ्यांनी सह्या केल्या, सगळ्यात शेवटची अण्णांची. तेव्हा तू बरोबर होतास का चूक, याच्याशी मला घेणं नाही. पण “तुम्हीपण” म्हणताना तू बघत कुणाकडे होतास, ते मी पाहिलंय. तू अमेरिकेला निघालास तेव्हा ते विमानतळावर आले नाहीत, हेही मी पाहिलंय. दोघंही सारखेच हट्टी आणि मधे मी.

आषाढात येतो म्हणालास ते पक्कं धरू ना? तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी आई


नल्लकुंटा
२२ जून १९९८

चि. बबलू,

तुझा फोन झाला त्याला आठवडा होऊन गेला. दोन हजार साल आलं की जगातली सगळी कॉम्प्युटरं बंद पडणार, म्हणून तुला रजा नाही. त्या सालाला अजून दीड वर्ष आहे रे! आपल्याकडे लग्नाची तयारीसुद्धा इतकी आधी करत नाहीत. पण ठीक आहे, तुझं काम तुला माहीत.

मी फोन ठेवला तर पेपरामागून आवाज आला, “काय म्हणाला?” तू गेल्यापासून पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, येत नाही म्हणाला. पेपराची घडी घातली, मागच्या आंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसले.

आता दुसरी बातमी. महाराणी आजारी आहे.

आणली तेव्हा चांगली ठणठणीत होती. मग तुझ्या फोननंतर दोनच दिवसांत तुऱ्यावर पुटकुळ्या दिसायला लागल्या. मला वाटलं मुंग्या चावल्या असतील. बघता बघता काळ्या खपल्या धरल्या, चोचीच्या कडेला, पापण्यांवर. डावा डोळा मिटला तो मिटलाच. दाणा समोर असून टिपता येईना, नुसती मान खाली घालून बसायची. नवी आणलेली कोंबडी, बाजारातूनच रोग घेऊन आली असणार.

शेजारची भाग्यलक्ष्मी तुला आठवते ना, कोपऱ्यावर एसटीडी बूथ चालवते ती. कुंपणावरून डोकावली आणि तिनं गालावर हात मारून घेतले. “अक्का, इसके उपर अम्मवारु आये. अब घर में बघार नक्को, तलना नक्को. नीम बांधो.” आपल्या गावाकडंही माणसाला गोवर-कांजिण्या आल्या की आई आल्या म्हणायचे, घरात फोडणी बंद, दाराला लिंब. पण कोंबडीसाठी? मी हसले. मला वाटलं अण्णा तिला मोठं भाषण देतील. जन्मभर गेटसभेत अंधश्रद्धेवर बोलत आलेला माणूस! तर हे उठून गेले आणि लिंबाचे डहाळे घेऊन आले. म्हणतात, “लिंबानं जंतू मरतात.”

“आणि फोडणीनं?”

“धूर होतो. तिला त्रास होत असंल.”

तेव्हापासून आपल्या घरात उकडलेलं वरण आणि कच्च्या तेलाची चटणी चालू आहे. कोंबडी खायची सोडून कोंबडीसाठी पथ्य पाळणारं घर सगळ्या आंध्रात एकच असेल.

नारायणगुड्याकडं जनावरांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं घेऊन गेले. बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत ही. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला म्हणे. डॉक्टर भला होता. म्हणाला, याला औषध नाही, आपापलं जातं. डास चावू देऊ नका, डासांनीच पसरतं. डोळे लाल औषधाच्या पाण्यानं पुसा, मऊ करून हातानं भरवा. फक्त घशात उतरलं तर कठीण आहे.

त्या दिवशी तुझी मच्छरदाणी माळ्यावरून खाली आली. निळी, कोपऱ्यात तुझ्या सिगारेटनं भोक पडलेली. भोक मला तेव्हाच दिसलं होतं, बोलले नव्हते. अण्णांनी त्याला ठिगळ लावलं, पेरूच्या फांदीला ती टांगली, आणि आता महाराणी आत पहुडलेल्या असतात. हे स्टूल टाकून शेजारी बसतात. भाकरी ताकात कुस्करून बोटानं चोचीशी धरतात. तुला लहानपणी कधी भरवलं असेल तर मला आठवत नाही. तेव्हा संप होते, मोर्चे होते.

मी विचारलं, “एका कोंबडीसाठी एवढं? दुसरी आणा.”

एवढे चिडले! “दुसरी चालत नाय.” का चालत नाही ते मात्र सांगेनात. काहीतरी आहे, बबलू. इतक्या वर्षांत या माणसाला खोटं नीट बोलता आलेलं नाही, नुसतं गप्प बसता येतं.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई


नल्लकुंटा
४ जुलै १९९८

विवेक,

आज बबलू म्हणत नाही. आज आशीर्वादही शेवटी देईन, वाटलं तर.

फाल्गुनात तुला कांजिण्या झाल्या. छातीत उतरल्या. तू दवाखान्यात होतास, नाकात नळ्या होत्या. आणि मला, तुझ्या आईला, हे एसटीडी बूथवालीकडून आज कळतं! त्या दिवसांतला तुझा फोन मला चांगला आठवतो. आवाज बसलेला होता. मी विचारलं तर “थंडी आहे इथं” म्हणालास. मी तुला आलं टाकून चहा घे म्हणाले. आलं टाकून चहा! आता आठवलं की माझी मलाच चीड येते, आणि तुझी त्याहून जास्त.

कसं कळलं ते सांगते. कोंबडीच्या घशात उतरलं. चोच उघडली की आत पिवळे चट्टे, श्वास घेताना आवाज. अण्णांनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे उपास नाही, ताटावर बसायचे आणि उठायचे. मला भीती वाटायला लागली. कोंबडीची नाही, यांची. म्हणून मी तडक भाग्यलक्ष्मीकडं गेले, म्हटलं, तुला काही माहीत असेल तर सांग. ती आधी नको नको म्हणाली, अण्णांनी शपथ घातली आहे म्हणाली. मग माझा चेहरा बघून सांगायला लागली.

तुझ्या खोलीवरच्या हर्षदनं घरी फोन केला होता. मी भजनाला गेलेली, फोन अण्णांनी घेतला. त्यांनी त्याला बजावलं, आईला कळता कामा नये, आणि फोन त्यांनी उचलला होता हे तुलाही सांगायचं नाही. त्यानंतर रोज बूथवर जायचे. घरचा फोन सोडून बूथवर, मला कळू नये म्हणून. भाग्यलक्ष्मी म्हणाली, “रोज आते थे अक्का. अमेरिका लगाओ बोलते. हर्षद से पूछते, खाना खाया क्या, बुखार उतरा क्या. फोन रख के वहींच बैठ के रोते थे. मैं शटर आधा नीचे कर देती थी.”

जो माणूस तुझ्याशी बोलत नाही असं तुला वाटतं, तो हा.

आणि एक दिवस तिला म्हणाले, “भाग्यलक्ष्मी, तुम्हारी पोचम्मा से बोलो.” ती म्हणाली, “अण्णा, खुद की बात खुद बोलना.” गेले. गल्लीच्या टोकाच्या पोचम्मादेवीच्या त्या लहान देवळासमोर, जिथं आजवर फक्त वर्गणीला नाही म्हणायला गेले होते, तिथं चपला काढून उभे राहिले. आपल्या डोक्यात हे सगळं फार पक्कं बसलेलं असतं रे, गेटसभा काही त्याच्या खाली जात नाहीत. तुझ्या अंगावर जी आली ती पोचम्माच, तेव्हा बोलणी तिच्याशीच करायला हवीत, एवढं त्यांना कळत होतं. भाग्यलक्ष्मी मागे उभी होती, तिनं ऐकलं. “पोरगा उठून बसू दे, पोचम्मा. तो येईल तेव्हा आषाढात, तुझ्या बोनालूच्या जत्रेला, त्याच्या हातानं तुला कोंबडी देतो.” त्याच्या हातानं.

मग तू उठलास. मग तू आषाढात येतो म्हणालास. आणि हे मासळी आणायला म्हणून गेले ते कोंबडी घेऊन आले. आता कळलं ना, दुसरी का चालत नाही? तिला देवळासमोर नेऊन, दाखवून मगच घरी आणली होती.

आणि तू येत नाही म्हणालास, आणि तिच्या अंगावर तेच आलं.

त्यांनी मला तोंडानं काही सांगितलेलं नाही. पण माझ्या लक्षात आलं आहे. त्यांना वाटतं, पोरगा येत नाही तर देवी आपला वाटा आपणच उचलते आहे. कोंबडी अशी मेली तर शब्द मोडला, आणि शब्द मोडला तर तुझं काय होईल? या भीतीनं माणूस आतून वाळतोय. तू तिथं बरा आहेस, धडधाकट आहेस, हे सांगून उपयोग नाही. माझा विश्वास आहे की नाही ते मला विचारू नकोस.

बूथवरून आले. कपाटातून घशाला लावायचा तो तांबडा पेंट काढला, तुला लहानपणी टॉन्सिलला लावायचे तोच. काडीला कापूस गुंडाळला, मच्छरदाणीत शिरले, कोंबडी मांडीत धरली आणि चोच उघडून आत फिरवला. तुझ्यासारखीच तडफडली. हे स्टुलावरून बघत होते.

“भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं वाटतं,” म्हणाले.

मी म्हटलं, “डोकं धरा तिचं. हलतीय.”

त्यांनी धरलं. दोघांनी मिळून मुलाचं आजारपण काढायचं राहून गेलं होतं, ते आता कोंबडीचं काढतो आहोत.

आशीर्वाद.

आई


नल्लकुंटा
२१ जुलै १९९८

चि. बबलू,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं का होईना, मराठीत लिहिलंस. “त्यांना सांग मी बरा आहे” असं लिहिलंयस. मी नाही सांगितलं. पत्रच फोनशेजारच्या खुर्चीवर ठेवून दिलं. नंतर बघितलं तर खुर्चीवर नव्हतं. कुठं गेलं मी विचारलं नाही.

परवा रविवारी आपल्या गल्लीचे बोनालू झाले. भाग्यलक्ष्मी नवी साडी नेसून, डोक्यावर सजवलेली घागर घेऊन निघाली. हळदीनं पाय पिवळे, पुढं डप्पू वाजतोय. तुला तो डप्पू ऐकला की घरात बसवायचं नाही, आठवतं?

महाराणी जगली. घशातले चट्टे गेले, खपल्या गळून पडल्या, तुऱ्यावर आता नुसते डाग आहेत. एक दिवस मच्छरदाणीला चोचीनं ओढायला लागली, तेव्हाच मी ओळखलं हिला आता बाहेर पडायचंय. आता सगळ्या आंगणात माझी कोथिंबीर उकरत फिरते. घरात फोडणी परत सुरू झाली. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली तर अण्णा स्वयंपाकघरात येऊन नुसते वास घेत उभे राहिले.

बोनालूच्या दिवशी गल्लीतले चार लोक म्हणाले, अण्णा, कोंबडी चांगली भरली आहे, देऊन टाका आजच, मोकळे व्हा. भाग्यलक्ष्मीचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, अम्मवारु तिच्या अंगावर येऊन गेली, आता तिला कापायची गरज नाही, देवळाभोवती फिरवून आणा म्हणजे झालं. हे कुणाचंच ऐकेनात. “बोलताना काय बोललो? त्याच्या हातानं बोललो. कलम बदलायचं तर दोन्ही बाजू बसायला पायजेत.” देवीबरोबरही यांचा करारच! पोचम्माला व्यवस्थापनाच्या जागी बसवणारे हे पहिलेच असतील.

संध्याकाळी एकटेच देवळात गेले, रिकाम्या हातानं. गर्दी ओसरेपर्यंत उभे होते. आले तेव्हा मी विचारलं, काय मागितलंत? म्हणाले, “मुदतवाढ.”

म्हणजे बघ. तू येशील तेव्हा ती जायची. ती जगावी म्हणून हा माणूस रोज सकाळी उठून तिचा डोळा पुसतो, आणि तू यावास म्हणूनही तोच डोळा पुसतो. मी स्टुलापाशी उभी राहून हे बघते आणि पाण्याची वाटी पुढं करते. काल तिनं पहिलं अंडं घातलं. अण्णांनी ते तळहातावर घेतलं आणि मला दाखवायला आत आले, लहान मुलागत. मी म्हटलं, उकडू का? तर म्हणाले, “राहू दे जरा.” अजून कपबशीत आहे.

मी तुला ये म्हणणार नाही. तू मोठा झालास, तुझं काम आहे, तुझी दोन हजार सालाची कॉम्प्युटरं आहेत. माझं मन तुला ठाऊक आहे, ते शंभरदा लिहून काय करू? पण या एअरोग्रामवर खाली मी मुद्दाम जागा सोडली आहे. हा असाच उघडा टेबलावर ठेवते, पेन शेजारी ठेवते आणि भाग्यलक्ष्मीकडं हळदीकुंकवाला जाते. आल्यावर न वाचता चिकटवून पेटीत टाकीन. जागा कोरी आली तर कोरी आली. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तब्येतीला जप. आजारी पडलास तर आधी मला कळव, बाकी देवादिकांना मागून.

तुझी आई


विवेक,

कोंबडी बरी आहे. डावा डोळा थोडा बारीक उघडतो, पण दाणा बरोबर टिपते. तुझी आई म्हणते तुला सगळं लिहिलंय, म्हणून परत लिहीत नाही.

तू आल्यावर तिला द्यायची असा शब्द मी दिला होता. आता ते माझ्याच्यानं होणार नाही, आणि तुझ्या हातानं तर मुळीच करून घेणार नाही. पोचम्माशी नवी बोलणी मी करीन. ते काम मला येतं.

तू रजा मिळव. कधीची ते कळव. या वेळी विमानतळावर मी येतो.

अण्णा